जात्यांवर फिरणाऱ्या भिंती

माझा भाचा रमेश शाळांचे नकाशे काढतो. मागच्या आठवड्यात बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या माझ्या घरी आला आणि माझ्या पलंगावर हातभर लांब कागद पसरून बसला. म्हणाला, "मावशी, बघ. एकदम मॉडर्न प्रायमरी स्कूल. ह्यातल्या भिंती फिरतात. वर्ग पाहिजे तर वर्ग, हॉल पाहिजे तर हॉल. बाहेरच्या देशांत आता अशाच शाळा बांधतात."

मी चष्मा लावला, नकाशा पाहिला, आणि खरं सांगते, मला रागच आला. म्हटलं, "बाहेरचे देश गेले खड्ड्यात. ही शाळा दापोऱ्यात होती. छप्पन साली. आणि ज्यानं बांधली त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं."

रमेश हसला. म्हातारी काहीतरी बरळते आहे असं त्याला वाटलं असणार. चहा पिऊन, कागद गुंडाळून निघून गेला. पण माझ्या डोक्यातून सुकलाल मिस्त्री काही जाईना. म्हणून हे सगळं एकदा नीट सांगून टाकते.

पंचावन्नच्या जून महिन्यात माझी नेमणूक दापोऱ्याच्या शाळेवर झाली. वय बावीस. उंची विचारू नका, आजही विचारलेली आवडत नाही. बऱ्हाणपुरात शनवाऱ्यातलं आमचं घर, वडील कचेरीत कारकून. पोरगी खेड्यात एकटी राहणार म्हणून आईनं आठ दिवस डोळ्यांना पदर लावला होता. बैलगाडीनं सकाळी निघालं की जेवणवेळेला दापोरा यायचं. शाळा म्हणजे गिरधर पाटलांचं कापसाचं जुनं गोदाम. पंचवीस हात लांब, अकरा हात रुंद, मध्ये काही नाही. पावसाळ्यात भिंतींना अजून सरकीचा वास यायचा. इयत्ता दोनच, पहिली आणि दुसरी. मास्तरीण एकच, मी.

दुसरी पास झाली की मुलगे बऱ्हाणपूरला मामाकडे नाहीतर काकाकडे राहून शिकायचे. मुली शेण-पाण्याला लागायच्या. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं, पण मला कोण विचारतंय!

सुकलाल मिस्त्री पहिल्यांदा भेटला तो माझ्या स्टुलापायी. फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत माझा हात पोचत नव्हता, म्हणून पाटलांना मी एक स्टूल मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी दारात एक उंच, हडकुळा माणूस येऊन उभा राहिला. एक खांदा खाली, कानावर पेन्सिल. माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "स्टूल कायले पाह्यजे बाई? फया खाली घेऊ ना." लगेच खिळा काढून फळा वीतभर खाली ठोकून दिला. म्हणाला, "तुमची उंची वाढनार नही आता, आन पोरं तं तुमच्याहून खालीच बसतात." मला इतका राग आला म्हणून सांगू! पण त्या दिवसापासून मला सगळा फळा लिहायला मिळाला, हेही खरं.

मिस्त्री गाड्या करायचा. बैलगाड्या. पंचक्रोशीत त्याची गाडी आवाजावरून ओळखायचे. कानावरची पेन्सिल फक्त रेघा मारायला. अक्षर एक येत नव्हतं. माप घ्यायचं तर दोरी आणि दोरीला गाठी. घाई केली की तो हातातलं काम खाली ठेवून तंबाखू मळत बसायचा. गिऱ्हाईक गप्प होईपर्यंत मळायचा. बायको भागाबाई त्याच्या उलट, तोंडानं फटाकडी. "ह्या मानसाले यमानं बोलावलं तरी म्हनेल, थांब, रंधा मारून घेतो," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि तो खुशीत हसायचा.

त्यांना एकच मूल जगलं, गोदा. दहा वर्षांची. माझ्याकडे दुसरीत होती, आणि दुसरीत ती दुसऱ्यांदा बसली होती. नापास होऊन नाही. पहिला नंबर होता तिचा. पुढे तिसरी नव्हती आणि घरी बसायला ती तयार नव्हती, म्हणून पुन्हा दुसरीत येऊन बसायची. सगळं पाठ असलेली पोरगी, पुन्हा तेच धडे ऐकायची. पण माझ्या तोंडाकडे असं बघायची, जसं मी काही नवंच सांगणार आहे. मला त्या नजरेची भीती वाटायची.

भागाबाईनं मात्र ठरवून टाकलं होतं. रावेरकडचं स्थळ आलं होतं, बरं होतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुपारी फोडायची. मिस्त्री एवढंच म्हणायचा, "गावात तिसरी उघडली तं गोदा शिकंल. नही उघडली तं तू म्हनशील तसं." भागाबाई म्हणायची, "उघडतेच तुझी तिसरी!" एकदा मी तिला समजवायला गेले तर मलाच म्हणाली, "बाई, तुम्ही शिकल्या ना? मंग तुमचं लगन का नही झालं अजून?" मी चहा अर्धा टाकून उठले.

दिवाळीच्या आधी डिप्टी साहेब शाळा तपासायला आले. तिसरी-चौथीचा अर्ज मी आणि पाटलांनी कधीचा दिला होता. साहेब नागपूरकडचे, बोलायला गोड. गोदाम पाहिलं आणि एका दमात दोन उलट्या गोष्टी सांगितल्या. चार इयत्ता हव्यात तर चार वर्गांना चार वेगळ्या जागा हव्यात, एकाच्या पाठीला दुसरा चालणार नाही. आणि प्रार्थनेला, सूतकताईला सगळी मुलं छपराखाली एकत्र बसतील असा हॉलही हवा. "फाल्गुनात पुन्हा येईन. झालं असेल तर मंजुरी, नाहीतर विषय संपला."

साहेबांची गाडी गेली आणि पाटलांनी हात झटकले. "चार खोल्या बांधायच्या, आन वरून हॉल? हे गाव हाये का संस्थान?" लोक उठून गेले. मिस्त्री एकटाच गोदामात उकिडवा बसून राहिला. संध्याकाळी मी कुलूप लावायला गेले तरी बसलेला. म्हणाला, "बाई, भिंत हालली तं?"

मी म्हटलं, "भिंत हलली तर पडते, मिस्त्री."

"घराची पडते. मी कुठं घरं बांधतो?"

दोन दिवसांनी तो दारोदार फिरायला लागला. त्या वर्षी गावात नवी पिठाची गिरणी आली होती आणि घरोघरी जाती पडून होती. मिस्त्रीनं बायांकडे जात्याचा खालचा दगड मागितला. त्याला मधोमध खुंट्याचं भोक असतं ना, तेच त्याला हवं होतं. बारा जाती पाहिजे होती. बाया काही सुखासुखी देईनात. सासूच्या सासूचं जातं, त्यावर ओव्या म्हटलेल्या, ते मातीत पुरायला कसं द्यायचं! शेवटी पहिलं जातं दिलं ते मालूबाईनं. मालूबाई गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. लग्न-बारशापासून तिरडीपर्यंत काय कसं करायचं ते तिला विचारून करायचे. ती म्हणाली, "घेऊन जाय. माझ्या मनगटाची वाट लावली त्यानं, आता पोरांची वाट लावू दे." आणि खदाखदा हसली. तिनं दिलं म्हटल्यावर बाकीच्यांनी दिलं.

मिस्त्रीनं ती बारा जाती गोदामाच्या जमिनीत तीन ओळींनी पुरली, जमिनीशी सपाट. प्रत्येक भोकात एक सागाचा खांब उभा केला, वरचं टोक आडव्या तुळईत अडकवलं. खांबाला कापसाच्या गाडीला लावतात तशी बांबूची तट्टी, शेणामातीनं लिंपलेली. एका अंगाला काजळी फासून काळी केलेली, म्हणजे फळा; दुसऱ्या अंगाला चुना. एका हातानं ढकललं की खांब जात्यात फिरायचा आणि तट्टी दारासारखी वळायची. चार तट्ट्या आडव्या केल्या की भिंत. गोदामाच्या लांबीला उभ्या केल्या की भिंत नाहीच. तीन ओळी, चार वर्ग. पाणी प्यायच्या वेळात सगळं एक.

आणि उंची? त्यानं आधी पोरांना ओळीनं मांडी घालून बसवलं आणि डोक्यापर्यंत दोरीला गाठ मारली. मग भागाबाईला माझ्याकडे पाठवलं. ती दोरी घेऊन आली आणि मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. "त्यानं सांगितलं, बाईची हनुवटी मोजून आन." बसलेल्या पोराला पलीकडचा वर्ग दिसू नये, आणि मी उभी राहिले की मला चारही वर्ग दिसावेत, असा त्याचा हिशेब. नंतर माझ्या बदल्या झाल्या, सिमेंटच्या शाळांत शिकवलं, पण माझ्या मापाची शाळा ती एकच.

आता माझी चूक सांगते. ती माझीच होती.

काम झालं, आणि मला वाटलं, गावाला ही शाळा आपली वाटली पाहिजे. वसंतपंचमीला मी सगळ्या बायांना हळदीकुंकवाला बोलावलं. म्हटलं, शाळेची पूजा करू. मालूबाई पुढे, बाया मागे. बारा खांब उभे दिसले त्यांना, आणि खांब म्हणजे चौकट. घराची चौकट बसवतात तेव्हा करतात ते सगळं त्यांनी केलं. हळदीकुंकू लावलं, आंब्याचा डहाळा बांधला, आणि हळदीचं सूत एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सात फेरे गुंडाळलं. सूतही मीच दिलं होतं, पोरांनी टकळीवर काढलेलं. मी आपली गूळखोबरं वाटत होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेसाठी मी तट्टी ढकलायला गेले तर मालूबाई दारातून ओरडली, "हां हां! पुजलेली चौकट हालवायची नसते! सूत तुटलं, चौकट हालली, तं घरधनी जातो."

झालं! फिरणाऱ्या भिंती जागच्या जागी बसल्या. चार कोंदट खोपटी झाली. एका वर्गातून दुसऱ्यात जायचं तर मला बाहेर अंगणातून वळसा. पोरं घामानं निथळायची. मी मालूबाईच्या पाया पडले, पाटलांशी भांडले, पाटील म्हणाले, "बायांच्या कामात मी पडत नही." आणि ज्यानं ते केलं तो मिस्त्री शाळेकडे फिरकेना.

मी त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तोंडाला येईल ते बोलले. "स्वतःच्या हातानं केलंत आणि आता घाबरता? आठ दिवसांवर साहेब येतायत. गोदाचं काय?"

तो तंबाखू मळत होता. मग म्हणाला, "माझ्या बापानं एका शेठची पुजलेली चौकट काढून वीतभर सरकवली होती. शेठनंच सांगितलं म्हनून. तिसऱ्या दिवशी बाप झाडावरून पडून मेला. मी आठ वर्षांचा होतो. मी मानत नही बाई, पन माझी छाती मानते."

आतून भागाबाई बाहेर आली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली होता. "त्याले नका सांगू बाई. त्या शाळेचा घरधनी कोन? ज्यानं केली तोच ना? पोरगी शिकली नही तं चालंल मले. कपाळ पुसून नही चालनार."

मी परत आले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की राजीनामा द्यावा.

फाल्गुनात साहेब आले. सगळं गाव शाळेपुढे जमलं. साहेबांनी चार जागा पाहिल्या, मान डोलावली. "छान. आता हॉल?" मी खांबावरच्या सुताकडे बघत. पाटील जमिनीकडे बघत. गोदा पाटी छातीशी धरून दुसरीच्या जागेवर बसली होती, आणि माझ्याकडे त्याच नजरेनं बघत होती. साहेबांनी वही मिटायला घेतली.

तेवढ्यात मिस्त्री गर्दीतून आत आला. धुतलेलं धोतर, हातात नारळ. सरळ मालूबाईपुढे गेला. "मालूबाई, मी नवी गाडी करतो तवा तिची पूजा कोन सांगतं?"

"मीच सांगते."

"तिलेही सूत बांधता ना? हयदकुंकू? मंग काय करतो आपन? गाडी तशीच दारात उभी ठेवतो?"

मिस्त्रीच म्हणाला, "बैल जुपून पाच पावलं चालवतो. चालवली नही तं अपशकुन. पुजलेली गाडी थांबवून ठेवायची नसते. ह्या चौकटी नहीत. मी गाडीवाला मानूस, मी गाडीच केली हे. चुकलं ते एवढंच, का त्या दिवशी पाच पावलं चालवली नही."

नारळ त्यानं पहिल्या जात्यावर फोडला. मग सुताला हात घातला. सूत तुटलं. त्यानं तट्टी ढकलली. जातं घरघरलं. एक, दोन, तीन, चार... बारा तट्ट्या फिरल्या, आणि त्या कोंदट खोपट्यांचं पंचवीस हातांचं गोदाम झालं. पोरांनी जो काय गिल्ला केला! साहेब स्वतः उठून दोनदा तट्टी फिरवून बघत राहिले, लहान मुलासारखे.

भागाबाई दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून घरी निघून गेली. आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मंजुरी आली ती एका वर्षापुरती. नंतर पुन्हा पाहणी, मग कायम. पण आखाजीची सुपारी फुटली नाही. त्या आखाजीला गोदा झोक्यावर उभी राहून पाढे म्हणत होती, आणि जुलैत तिसरीत बसली. तिसरीत मुली किती? एक.

ती दीड वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षं. सकाळी मी कुलूप काढायच्या आधी मिस्त्री ओट्यावर येऊन बसलेला असायचा. पहिली तट्टी तोच फिरवायचा, रोज. मला हात लावू द्यायचा नाही. मी म्हणायची, "मिस्त्री, आता काय भीती?" तो म्हणायचा, "भीती नही. पन पहिला हात माझाच बरा." जे काही यायचं ते आपल्यावर यावं, बाईवर नको, पोरांवर नको, एवढाच त्याचा अर्थ. तट्टी फिरवली की जात्याच्या भोकात दोन थेंब एरंडेल सोडायचा आणि कामाला जायचा. पुढे पुढे आम्ही त्या भिंतींचे काय काय खेळ केले! पहिली-दुसरीची कविता एकत्र, मध्ये गणिताचा आडोसा; तिसरीवाल्यांनी पहिलीला अक्षरं गिरवून द्यायची म्हणून कोपऱ्यात दोनच तट्ट्या तिरप्या. पावसात लंगडी. एकदा तर पाटलांच्या घरच्या वऱ्हाडाची पंगत.

मध्येच छप्पनचा नोव्हेंबर आला, राज्यांची नवी वाटणी झाली. एका सकाळी उठलो तर नागपूर तिकडे गेलं होतं आणि आम्ही इकडे राहिलो होतो. राजधानी भोपाळ. कागदांचे मथळे बदलले, डिप्टी साहेब बदलले, चिठ्ठ्या हिंदीत यायला लागल्या. मिस्त्रीनं विचारलं, "बाई, राज्य बदललं तं तिसरी राह्यते ना?" मी म्हटलं, "राहते. पाहणी होईल एकदा." तो म्हणाला, "होऊ द्या. आपली गाडी तयार हाये."

सत्तावन्नच्या श्रावणात त्याला ताप भरला. दुसऱ्या दिवशी त्यानं गोदाला विचारलं, "आज तट्टी कोनी फिरवली?" ती म्हणाली, "बाईनं." तो म्हणाला, "बाईले म्हना, हात लावू नका. मी येतो उद्या." उद्या तो आला नाही. तिसऱ्या दिवशी गेला. पन्नासही नसेल.

गावात जे बोलायचं ते बोललं गेलं. माझ्या समोर कोणी नाही, पण विहिरीवर मी आले की बाया गप्प व्हायच्या. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी मालूबाई हातात हळदीचं सूत घेऊन शाळेत आली आणि पुन्हा सात फेरे गुंडाळून गेली. रागानं नाही, डोळ्यांतून पाणी गळत होतं तिच्या. "एक गेला बाई. आता दुसरा नको." आणि मी? मी शिकलेली बाई, ट्रेनिंग घेतलेली, विज्ञानाचे धडे देणारी. मी ते सूत तोडलं नाही. तोडायला हात पुढे गेला आणि मागे आला. मिस्त्रीची छाती मानत होती, माझीही मानायला लागली होती. त्याची लाज मला आजही वाटते.

नऊ दिवस भिंती बंद. आणि चिठ्ठी आली: नवे साहेब मंगळवारी येणार. मंगळवार म्हणजे मिस्त्रीचा दहावा.

त्या सकाळी गावातले पुरुष दहाव्यासाठी तापीवर गेले होते. शाळेत मी, पोरं, आणि ओट्यावर मालूबाई दोन-चार बायांबरोबर राखण केल्यासारखी बसलेली. गोदा घरी होती, सुतकात. तिची चौथीतली जागा रिकामी. साहेब दहाला आले. तरुण होते, हिंदी बोलणारे, घाईत. कागद काढला. "यहाँ लिखा है कि दीवारें घूमती हैं। दिखाइए।"

मी पहिल्या खांबापाशी गेले, सुताकडे पाहिलं.

तेवढ्यात बायांमध्ये कुजबुज झाली. वळून पाहिलं तर भागाबाई येत होती. सुतकातली बाई, दहा दिवस उंबरा न ओलांडलेली. कपाळ पांढरं, हात मोकळे. मागे गोदा, पाटी घेऊन.

मालूबाई उठली. "भागा! सुतकात बाहेर? पुजलेल्या वस्तूले हात लावशील? मागं फिर."

भागाबाई थांबली नाही. सरळ पहिल्या खांबापाशी गेली. "माझं तुटायचं ते तुटलं, मालूबाई. आता हे कायले बांधून ठेवता?"

"अगं, त्याच्यानंच तं..."

"तापानं गेला तो. मी होती जवळ, तुम्ही नव्हत्या." तिचा आवाज फाटला, पण तिनं तो सावरला. "पुजलेली गाडी थांबवून ठेवायची नसते, हे त्यानंच सांगितलं होतं ना तुमच्यासमोर? नऊ दिवस उभी ठेवली तुम्ही त्याची गाडी. तो म्हनत होता, मी येतो उद्या. त्याले नही येता आलं. मी आली."

तिनं दोन्ही हातांनी सूत ओढलं. एका झटक्यात तुटलं नाही. सात फेरे होते. ओढत राहिली, बोटाला कापलं. मग मी पुढे झाले आणि दुसऱ्या टोकाला हात घातला. दोघींनी मिळून तोडलं. तिनं तट्टी ढकलली. एरंडेल नव्हतं नऊ दिवस, जातं कुरकुरलं, आणि फिरलं. ती पुढच्या खांबाकडे गेली. बाराही तिनं फिरवल्या, एकेक करून. मालूबाई मटकन खाली बसली आणि हमसून रडायला लागली, आणि मीही.

साहेबांना काही कळलं नव्हतं. त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, "ये कौन हैं? दीवार रोज़ यही घुमाती हैं?"

मी उत्तर देणार, त्याआधी भागाबाईच बोलली. "पह्यले तो फिरवत होता. आता मी."

मग गोदाला म्हणाली, "जाय, बस तुझ्या जागी." आणि गोदा चौथीत जाऊन बसली.

तिसरी-चौथी कायम झाली. त्यानंतर गोदा चौथी पास होईपर्यंत भागाबाई रोज सकाळी यायची, पहिली तट्टी फिरवायची, भोकात दोन थेंब एरंडेल सोडायची आणि निंदायला शेतात जायची.